साखरेची पोळी : मुलाच्या वाढदिवसाचा पहिला केक

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात, महिलांच्या बैठकीपुढे केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या भाषणाचा विषय वाचून काही मंडळींनी नाके मुरडली, हे आम्हांस ठाऊक आहे. शिष्यवृत्त्या आहेत, वधूवरांच्या याद्या आहेत, एकट्या पडलेल्या वृद्धांच्या औषधपाण्याचा प्रश्न आहे. हे सारे सोडून केकावर साखरेचे हत्ती-घोडे कसे बसवावे याचा खल चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या व्यासपीठावर करावयाचा काय? प्रश्न रास्त आहे. आम्ही त्याला बगल देणार नाही. परंतु उत्तर आधी सांगितले तर विषयच संपेल, म्हणून प्रथम विषयाकडे वळतो.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे. केक हा परक्यांचा, आपल्या घरात त्याचे काय काम, असा तो आक्षेप. या आक्षेपाचे आम्हांस नेहमी नवल वाटते. कारण तो घेणाऱ्यांच्या ताटात श्रावणात निनाव असते. बेसन आणि कणीक तुपावर भाजून, गूळ आणि नारळाचे दूध घालून आटवलेले ते मिश्रण आपल्या आज्या पितळेच्या पातेल्यात ओतीत, झाकणावर निखारे ठेवीत आणि खालून-वरून विस्तव देऊन खरपूस भाजीत. भट्टी नव्हती एवढेच. बाकी त्यात आणि केकात फरक तो किती? साखरेचे म्हणाल तर ती तर आपलीच. इंग्रजांची ‘शुगर’ ही आपल्या शर्करेचीच नात, आणि त्यांची ‘कँडी’ ही आपल्या खांडेची. जो जिन्नस आपल्याकडून जग फिरून परत आला, त्याला दारात उभे करून कुळगोत्र विचारण्याचे कारण नाही.

आता ज्याला फाँडंट म्हणतात ती वस्तू काय आहे ते पाहू. शब्द फ्रेंच आहे. त्याचा अर्थ ‘विरघळणारा’ असा. मूळचे फाँडंट म्हणजे गोळीबंद पाक निववून, तो पांढरा आणि लोण्यासारखा होईपर्यंत घोटलेला साखरेचा गोळा. केकावर जे पसरतात ते मात्र लाटण्याचे फाँडंट. अतिशय बारीक दळलेली साखर, ग्लुकोजचा घट्ट पाक, थोडे ग्लिसरीन, थोडे वनस्पती तूप, आणि हे सर्व धरून ठेवण्यास जिलेटिन किंवा डिंक, एवढ्यावर त्याचे पीठ मळले जाते. यांतील प्रत्येक जिन्नसाला आपापले काम आहे. पाकातल्या वड्या करताना पाक दाणेदार होऊ नये म्हणून आपण त्यात लिंबू पिळतो. तेच काम येथे ग्लुकोज करतो. ग्लिसरीन ओल धरून ठेवते, म्हणून पोळी वाळून तडकत नाही. जिलेटिनाने किंवा डिंकाने ताण येतो आणि पोळी उचलली तरी फाटत नाही. एवढे ज्या भगिनीला समजले तिला पुढे काय बिघडले आणि का बिघडले हे कोणी सांगावे लागणार नाही.

साखरेचे अलंकार करण्याची कला आपल्याकडे नवी नाही. संक्रांतीला नव्या सुनेच्या अंगावर आणि बोरन्हाणाला तान्ह्या मुलाच्या अंगावर आपण हलव्याचे दागिने घालतो: मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, मुलगा असेल तर हातात बासरी. तिळावर किंवा खसखशीवर चमचा-चमचा पाक सोडीत, मंद शेगडीवर बोटांनी हलवीत, दिवसचे दिवस बसून तो काटा फुलवावा लागतो. पाडव्याच्या गाठी तर साच्यातच ओततात. फरक इतकाच की हलव्याचा काटा फुलण्यास पौषातली कोरडी थंडी साहाय्य करते, आणि मुलांचे वाढदिवस काही पौषातच येत नाहीत.

येथे आपल्या महाडच्या हवेचा प्रश्न येतो, आणि पुण्यामुंबईच्या वर्गांत शिकून आलेल्या मुली नेमक्या याच ठिकाणी अडतात. सावित्री आणि गांधारी यांच्या बेचक्यात वसलेल्या या गावात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पोलादपूर तर सह्याद्रीच्या पायथ्याशी. साखर हवेतील ओल ओढून घेते. जुलै महिन्यात उघडे ठेवलेले फाँडंट तासाभरात चिकट होते, दोन तासांत घामेजते, आणि त्यावर बसवलेली चित्रे हळूहळू मान टाकतात. उलट एप्रिल-मे महिन्यांत उष्म्याने आतले लोणी वितळते आणि वरची पोळी पदर सुटल्यासारखी घसरू लागते. यास्तव ऋतू पाहून काम करावे. पावसाळ्यात पोळी लाटताना साखर न भुरभुरता मक्याचे पीठ वापरावे, कारण साखर आणखी ओल आणते; कोरड्या दिवसांत मात्र पिठाने भेगा पडतात, तेव्हा हाताला वनस्पती तुपाचे बोट लावून काम करावे. सामानही आधीच आणून ठेवावे. वरंध घाट पावसाळ्यात वेळोवेळी बंद असतो, आणि मुलाचा वाढदिवस घाट उघडण्याची वाट पाहत नाही.

पहिल्या वेळी सहा इंच व्यासाचा आणि चार इंच उंचीचा, साधा गोल केक घ्यावा. चौकोनी केकाचे कोपरे पोळी फाडतात. अंकाच्या किंवा मोटारीच्या आकाराचे केक दुसऱ्या वर्षासाठी ठेवावे. केक कोणत्याही घट्ट जातीचा असावा. फार हलका, कापसासारखा केक वरच्या साखरेच्या वजनाने बसतो. दुकानात मिळणारे फेटलेले क्रीम फाँडंटखाली लावू नये, कारण त्यात पाण्याचा अंश फार. साखरेची पोळी ते पाणी पिते आणि आतून विरघळते. त्याऐवजी लोणी आणि साखर यांचे घट्ट क्रीम किंवा गनाश लावावे. गनाश म्हणजे गरम सायीत वितळवलेले चॉकलेट. काळ्या चॉकलेटाचे दोन भाग आणि सायीचा एक भाग हे प्रमाण धरावे. पांढरे चॉकलेट असेल तर तीन भागांस एक. आपल्या हवेला लोण्यापेक्षा गनाशच मानवते असे आमचे स्पष्ट मत आहे. निवल्यावर ते घट्ट बसते, आणि त्याची भिंत पट्टीने सरळ करता येते.

ही भिंत सरळ करणे, हेच खरे काम. पोळी ही वस्त्रासारखी आहे. आतले उंचवटे आणि खळगे ती झाकीत नाही, उलट दाखवते. प्रथम एक पातळ हात देऊन केकाचा चुरा आतच दाबून टाकावा, तो थंड होऊ द्यावा, मग दुसरा जाड हात द्यावा. या दोन हातांना जी भगिनी दोन तास देईल तिला पोळीवर दहा मिनिटेच द्यावी लागतील. आम्ही पाहतो ते उलट: आतले काम घाईने उरकायचे आणि मग वरच्या सुरकुत्यांशी रात्रभर झगडायचे.

पोळी किती मोठी लाटावी, याचा हिशेब सोपा आहे. सहा इंचांचा माथा, दोन्ही बाजूंच्या चार-चार इंचांच्या भिंती, मिळून चौदा. आणि हाताशी एक इंच अधिक. म्हणजे पंधरा इंचांची पोळी. आपला पोळपाट यास पुरत नाही. ओट्याचा कडाप्पा स्वच्छ धुऊन, पूर्ण कोरडा करून त्यावर लाटावी. जाडी तीन ते चार मिलिमीटर, म्हणजे पुरणपोळीहून किंचित अधिक. यासाठी सहाशे ग्रॅम फाँडंट लागते. लाटण्यापूर्वी ते पाच मिनिटे चांगले मळावे, आणि जो गोळा हातात नाही तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डब्यात ठेवावा. येथे एक सवय मोडावी लागते. मोदकाची उकड आणि कानवल्याचे पीठ आपण ओल्या फडक्याखाली ठेवतो. फाँडंटला ओले फडके विषासमान आहे.

लाटताना पोळी दर वेळी थोडी फिरवावी, उलटू नये. मग पुरणपोळी उचलतो तशी ती लाटण्यावर गुंडाळून केकावर उलगडावी. प्रथम माथा तळहाताने सपाट करावा, मग वरची कड दाबून घ्यावी, आणि मग भिंतींकडे यावे. भिंतीपाशी पोळीला आपोआप चुण्या पडू लागतात. मोदक करणाऱ्या हाताला ही चुणी पाहताच ती चिमटीत धरून कळी पाडण्याचा मोह होतो, तो आवरावा. येथे काम उलटे आहे. पडू पाहणारी कळी खालून अलगद बाहेर ओढून उलगडावी आणि वरून खाली हात फिरवीत पोळी भिंतीला चिकटवावी. हवेचा फुगा राहिला तर बारीक सुईने टोचून दाबावा. बुडाशी उरलेली कड कातण्याने कापावी. होय, तेच करंज्यांचे कातणे. त्याची नागमोडी कड केकाच्या तळाशी लावलेल्या पट्टीला इतकी शोभते की विकतच्या साच्यांची आठवण होऊ नये.

आपल्या स्वयंपाकघरात अशी हत्यारे पुष्कळ आहेत. शेवेच्या सोऱ्यातून फाँडंट दाबले की बाहुलीचे केस तयार होतात. पुरणाच्या चाळणीतून दाबले की गवत. नव्या कंगव्याच्या दातांनी कापडाची शिवण उमटते, शिवणाच्या अंगुस्तानाने लहान टिकल्या पडतात. परंतु हत्यारांहून मोठी गोष्ट म्हणजे हात, आणि येथे आम्ही आपल्या ज्ञातीविषयी थोडा अभिमान बाळगतो. खाज्याचे कानवले ज्या घरात होतात त्या घरात फाँडंटची भीती वाटण्याचे कारणच नाही. पातळ पोळ्या लाटायच्या, प्रत्येकीवर साटा फासायचा, एकावर एक रचून गुंडाळी करायची, कापायची, पुन्हा लाटायची, पदर मोडू न देता आत सारण भरायचे आणि तुपात सोडल्यावर तो प्रत्येक पदर वेगळा फुलला पाहिजे. यापुढे केकावर पोळी पांघरणे म्हणजे पोरखेळ. खेद एवढाच की असे कानवले करणारे हात आता घरोघर राहिले नाहीत. पुष्कळ घरांत ते दिवाळीला विकत येतात. ज्या वृद्ध भगिनी अजून ते करतात, त्यांच्या शेजारी बसून कोणी शिकत नाही; आणि केकाच्या वर्गाला मात्र मुली पैसे भरून जातात. यात आम्ही मुलींना दोष देत नाही. शिकवणारीने ‘अंदाजाने घे’ म्हणावयाचे आणि शिकणारीने वजन विचारले की हसावयाचे, हा आपला जुना शिरस्ता विद्या बुडवणारा आहे.

चित्रांचे थोडक्यात सांगतो. ती तीन-चार दिवस आधी करावी म्हणजे वाळतात. नुसत्या फाँडंटची चित्रे मऊ राहतात. पाव किलोस एक चहाचा चमचा सीएमसी नावाची पूड मळून घातली म्हणजे ती कडक होतात. वाळताना हवाबंद डब्यात ठेवू नयेत; पावसाळ्यात पंख्याखाली ठेवावी. चिकटवण्यास पाण्याचा एक थेंब पुरे. विषय मुलाच्या ओळखीचा घ्यावा. पहिल्या खेपेस परदेशी चित्रपटांतील राजकन्या करू जाणे म्हणजे आपली आणि राजकन्येची फजिती. पाचाडच्या वाटेवरची एस.टी. ज्या मुलाने रोज पाहिली आहे त्याला एस.टी. करून द्यावी; मात्र लाल आणि काळा हे रंग घरी कालवू नयेत, तयार रंगीत फाँडंट आणावे. हे दोन रंग गडद होण्यास इतका रंग ओतावा लागतो की साखर कडू होते आणि पीठ लिबलिबीत. आंबा हा तर नवशिकीचा मित्र. पिवळ्या गोळ्याला गालावर थोडा केशरी हात, दोन हिरवी पाने. कोणत्याही मुलाला तो ओळखू येतो आणि बिघडला तर तो पायरी होता असे म्हणता येते.

रंगांविषयी मात्र थट्टा नाही. पातळ रंग न घेता घट्ट जेलचे घ्यावे, आणि बाटलीवर खाद्य रंग असल्याची नोंद वाचूनच घ्यावे. आपल्या देशात अन्नासाठी आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे. २०२४ साली तामिळनाडूत ‘बुढ्ढी के बाल’ या गुलाबी मिठाईत ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगवण्याचा रंग सापडला आणि तेथील सरकारने तिच्या विक्रीवर बंदी घातली. ती मिठाई लहान मुलेच खात होती. सोनेरी-रुपेरी चकाकीच्या डब्यांवर कधी ‘विषारी नाही’ असे लिहिलेले असते. विषारी नाही म्हणजे खाण्याजोगे आहे असे नव्हे. विषारी तर घराच्या भिंतीचा चुनाही नाही. खाण्याची चकाकी निराळी मिळते, तीच घ्यावी. चित्रांत तारा किंवा दातकोरण्या घातल्या असतील तर केक कापण्याआधी त्या मोजून काढाव्या. साखरेचे टणक मोती तीन वर्षांखालील मुलांच्या केकावर मुळीच नकोत, घशात अडकतात.

आणि पहिल्या वाढदिवसाबद्दल एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात दोन वर्षांखालील मुलांना भरपूर साखरेचे पदार्थ देऊ नयेत असे सांगितले आहे, आणि फाँडंटहून अधिक साखरेचा पदार्थ आम्हांस तरी माहीत नाही. तेव्हा पहिल्या वाढदिवसाचा केक हा मोठ्यांच्या कौतुकासाठी आहे हे मनाशी मान्य करावे आणि बाळाच्या हाती केळ्याचा तुकडा द्यावा. मोठी मुलेही बहुधा वरची पोळी सोलून ताटाच्या कडेला ठेवतात आणि आतला केक खातात. यात करणारीने अपमान मानू नये. हलव्याचे दागिनेसुद्धा कोणी जेवणात वाढीत नाही. मात्र याच कारणासाठी आतला केक चविष्ट हवा.

आपल्या घरांत मासळी आणि मटण चालते, म्हणून जिलेटिन कशाचे हा प्रश्न आपणांस सुचत नाही. ते जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून होते. पण वाढदिवसाला येणारी मुले सर्व घरांतली असतात, आणि त्यांपैकी एखाद्याची आई दारात उभी राहून हळूच विचारते. तिला निश्चित उत्तर देता आले पाहिजे. आपल्याकडे डिंकावर केलेले, हिरव्या टिकलीचे तयार फाँडंट मिळते. सार्वजनिक प्रसंगी तेच घ्यावे. अंड्याचेही तसेच. संकष्टीला वाढदिवस आला की आपल्याच घरात अंड्याचा प्रश्न उभा राहतो, मग इतरांचे काय सांगावे! बिनअंड्याची साखरकला दुय्यम असते असा एक समज आहे. त्याला पुण्याच्या प्राची धबल देब यांनी खोटे ठरवले आहे. रॉयल आयसिंग हे परंपरेने अंड्याच्या पांढऱ्याचे. त्यांनी ते अंड्यावाचून करून त्याची शंभर किलो वजनाची वास्तू उभी केली आणि २०२२ साली तिची नोंद लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्समध्ये झाली.

मेणबत्ती फुंकावी की नाही, या वादात आम्ही फार शिरत नाही. दिवा विझवून आयुष्य कसले चिंतिता, हा वडिलांचा प्रश्न आम्हांस पटतो. २०१७ साली अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठातील संशोधकांनी फुंकर मारलेल्या केकावरील जंतू सुमारे चौदापट वाढलेले मोजले, तोही मुद्दा आहे. पण मुलाला फुंकायचीच असते. प्रथम निरांजनाने औक्षण करावे, मग मेणबत्ती केकावर न लावता बाजूच्या वाटीतील तांदळांत रोवावी. फुंकर तांदळांवर जाते आणि घरात शांतता राहते.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. हे सर्व ज्ञातीच्या व्यासपीठावर कशाला?

आपल्या स्त्रियांच्या हाताची वाखाणणी या ज्ञातीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बिरड्याला, कानवल्याला, निनावाला कोणी नावे ठेवल्याचे आम्ही ऐकलेले नाही. परंतु वाखाणणीने वाण्याचे देणे फिटत नाही. महाड-पोलादपुरात आज आपल्या कित्येक मुली घरून केक करून देतात. सहा इंची केकाला पहिल्या दिवशी भाजणे, दुसऱ्या दिवशी भिंती, तिसऱ्या दिवशी पोळी आणि चित्रे, असे मोजून आठ-नऊ तास जातात. साहित्याची किंमत ग्राहक मुकाट्याने देतो. तासांची किंमत मागितली की ‘घरच्या घरी तर करतेस’ असे उत्तर मिळते. आणि सांगण्यास खेद वाटतो, हे उत्तर परक्यांपेक्षा ज्ञातीतून अधिक येते. ‘आपलीच आहे’ म्हणून बारशाला फुकट, ‘आपलीच आहे’ म्हणून मुंजीला अर्ध्या किमतीत. आपलेपणा हा घेणाऱ्याच्या बाजूनेच का मोजावा? आपलीच आहे म्हणून दोन पैसे अधिक द्यावे, असे एकदाही कोणास सुचू नये?

२०२१ च्या जुलैची २२ तारीख येथे कोणी विसरलेले नाही. त्या दिवशी तळिये गावावर दरड कोसळली आणि महाड शहर पाण्याखाली गेले. तळमजल्यांची स्वयंपाकघरे चिखलाने भरली. त्यांत भट्ट्या होत्या, फ्रीज होते, साखरेची पोती होती. दुकानांच्या नुकसानीचे पंचनामे झाले. घरातल्या भट्टीला धंदा म्हणण्याची कोणाची तयारी नव्हती, कारण त्या धंद्याची नोंद कोठेच नव्हती. ना सरकारी दप्तरात, ना घरच्या वहीत. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा आहे, आणि घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहान व्यावसायिकानेही नोंदणी करावी असे तो सांगतो. ही नोंदणी म्हणजे कटकट नव्हे. ‘ही बाई काम करते’ असे म्हणणारा तो पहिला कागद आहे. याच तालुक्यातील नाते गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, हे आपण प्रत्येक संमेलनात अभिमानाने सांगतो. त्यांच्या तालुक्यातील मुलींनी जमाखर्चाची एक साधी वही घालावी आणि तिच्यात आपल्या तासांचाही खर्च मांडावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

म्हणून आमची सूचना अशी की ज्ञातीने दरवर्षी एक साखरकामाचा वर्ग भरवावा. त्यात फाँडंट असावे, हलव्याचे दागिने असावेत, खाज्याचे कानवले असावेत; कानवले शिकवणाऱ्या वृद्ध भगिनीस केक शिकवणारीइतकेच मानधन द्यावे, आणि तिच्या मुठी आणि चिमटी कोणी तरी ग्रॅममध्ये मोजून लिहून ठेवाव्यात. यावर कार्यकारिणीतील काहींनी आम्हांस विचारले, की वर्ग ज्ञातीपुरता ठेवावा ना? निधी ज्ञातीचा, तेव्हा लाभही ज्ञातीचा. हिशेबाच्या दृष्टीने हा विचार चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण आपण हे महाडात बसून बोलत आहोत. १९२३ च्या बोले ठरावानंतर येथील नगरपालिकेने १९२४ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असल्याचे ठरवले. १९२७ च्या २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी ते पाणी ओंजळीने घेतले. त्या वेळी त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या थोड्या लोकांत नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंत विनायक चित्रे होते. दोघेही आपल्या ज्ञातीतले. पुढे नगरपालिकेने तोच ठराव मागे घेतला, खटला चालला, आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत दहा वर्षे गेली. टिपणीस आणि चित्रे यांची नावे आपण ज्ञातीची भूषणे म्हणून घेतो. ज्ञातीत त्या वेळी त्यांना किती जणांनी भूषण मानले, हे विचारण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु त्यांची नावे घेणाऱ्या ज्ञातीने लाटण्या-कातण्याच्या वर्गाला दारावर जात विचारावी, हे आम्हांस रुचत नाही. वर्ग सर्वांना खुला असावा. ज्ञातीतील गरजू मुलींचे शुल्क ज्ञातीने भरावे. निधीचा हेतू एवढ्याने पुरा होतो.

मुलाच्या वाढदिवसाला बोलावणे सगळ्या वर्गाला जाते. आमच्या माहितीची एक आई वाढदिवसाच्या आदल्या रात्री सतरा लहान आंबे वळीत बसली होती, कारण मुलाच्या वर्गात सतरा मुले होती आणि कोणाला आंबा मिळाला आणि कोणाला नाही असे होऊ नये. कोणता आंबा कोणत्या घरी जाणार हे तिने विचारले नव्हते.

कार्यकारिणीने सूचना मान्य केल्यास वर्ग पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास ठेवणे सोयीचे पडेल. हवा कोरडी असते आणि कानवल्यांचेही दिवस तेच. पहिल्या दिवशी प्रत्येकीने स्वतःचे लाटणे, कातणे, बारीक चाळणी आणि एक वही आणावी. फाँडंट आणि चॉकलेट एकदम आणले म्हणजे स्वस्त पडेल. पोळपाट आणू नये. पुरत नाही हे मघाशी सांगितलेच आहे.